खरी मंडळी कशी ओळखावी? बायबल काय सांगते

इ. स. ५५ च्या सुमारास येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या प्रेषित पौलाने इफिसहून ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, एक लांबलचक पत्र लिहिले. तिथे तेव्हा जे चालले होते ते वाचून आजचा वाचकही चपापतो. 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा', 'मी केफाचा' (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याचा) असे म्हणत लोकांनी तट पाडले होते. एक माणूस आपल्या बापाच्या बायकोबरोबर राहत होता आणि मंडळीला त्याची लाज वाटण्याऐवजी ती फुगून गेली होती. विश्वासणारे एकमेकांना न्यायालयात खेचत होते. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या वेळी, काहींना नशा चढलेली असे, तर काही उपाशीच राहत. उपासनेत गोंधळ होता. मेलेल्यांचे पुनरुत्थान होतच नाही, असे म्हणणारेही त्यांच्यात होते.

तरीही पत्राच्या मायन्यात पौल या लोकांना 'करिंथ येथील देवाची मंडळी' म्हणतो आणि पुढच्याच ओळींत त्यांच्यासाठी देवाचे आभार मानतो.

आता पौलानेच गलतीकरांस, म्हणजे गलतिया भागातल्या मंडळ्यांना, लिहिलेले पत्र उघडा. करिंथसारख्या भानगडींची यादी इथे नाही. उलट हे लोक धर्माच्या बाबतीत जास्तच काटेकोर होऊ पाहत होते. ख्रिस्तावर विश्वास ठेवलाच आहे, आता सुंताही करून घेऊ, ठरलेले दिवस, महिने, सणही पाळू, म्हणजे देवापुढे आपण पूर्ण नीतिमान ठरू, असे त्यांना कोणीतरी पटवले होते. वरवर पाहता यात वाईट काय? पण या पत्राच्या सुरुवातीला पौल आभार मानतच नाही. नमस्कार संपतो न संपतो तोच तो म्हणतो की मला आश्चर्य वाटते, इतक्या लवकर तुम्ही दुसऱ्याच सुवार्तेकडे, म्हणजे तारणाच्या दुसऱ्याच संदेशाकडे, वळलात. आणि मग ते जळजळीत वाक्य येते: आम्ही किंवा स्वर्गातल्या देवदूताने जरी वेगळी सुवार्ता सांगितली, तरी तो शापित असो (गलती १:८).

खरी ख्रिस्ती मंडळी कोणती, हा प्रश्न सोडवायला ही दोन पत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचणे हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. वागणुकीत इतकी ढासळलेली मंडळी देवाची मंडळी राहते, आणि धर्मकर्मात इतकी उत्साही मंडळी कड्याच्या टोकाशी येते. आजारी माणूस कितीही खंगला तरी माणूसच असतो. पुतळा कितीही सुबक असला तरी त्यात जीव नसतो. मंडळीचा जीव कशात असतो, हे एकदा कळले की पुढची बरीच कोडी उलगडतात.

येशूने मंडळीबद्दल काय म्हटले?

चारही शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी मंडळीचा उल्लेख फक्त दोन ठिकाणी येतो, दोन्ही मत्तयात. पहिला प्रसंग फिलिप्पाच्या कैसरियाजवळचा. येशू शिष्यांना विचारतो, तुम्ही मला कोण म्हणता? पेत्र उत्तर देतो, तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र आहेस. त्यावर येशू म्हणतो, 'तू पेत्र आहेस, आणि ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन' (मत्तय १६:१८). हा खडक म्हणजे नेमके काय, यावर शतकानुशतके वाद आहे. कॅथलिक परंपरा म्हणते, स्वतः पेत्र आणि त्याच्या पदावर त्याच्यामागून आलेले रोमचे बिशप. बहुतेक प्रोटेस्टंट म्हणतात, पेत्राने दिलेली कबुली, किंवा ती कबुली देणारा प्रेषित या नात्याने पेत्र. हा वाद इथे मिटणार नाही. पण दोन गोष्टी त्या वाक्यात कोणालाही दिसाव्यात. मंडळी ख्रिस्ताची आहे, 'आपली मंडळी' असे तोच म्हणतो. आणि ती रचणारही तोच आहे. कोणताही पाळक, बिशप, संस्थापक किंवा समिती तिची मालक नाही.

दुसरा उल्लेख मत्तयाच्या १८ व्या अध्यायात आहे. तुझ्या भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याशी बोल. ऐकले नाही तर एकदोघांना सोबत ने. तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळव. इथे शिकवण अगदी घरगुती आहे: चुकलेल्या भावाला परत कसे मिळवायचे.

म्हणजे येशूच्या दोन उल्लेखांतून दोन गोष्टी पुढे येतात. ख्रिस्त कोण आहे याची कबुली, आणि त्या कबुलीखाली जगणाऱ्या माणसांनी एकमेकांना सावरणे. नव्या करारात मंडळीविषयी पुढे जे काही येते, ते मला या दोन गोष्टींचाच विस्तार वाटते. करिंथमध्ये दुसरी गोष्ट मोडकळीला आली होती. गलतियात पहिलीच हलू लागली होती.

इमारतीचा विषय इथेच बाजूला ठेवू. सुरुवातीची मंडळी घरांत जमत असे. प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरात, लावदिकीयाजवळ नुंफेच्या घरात, फिलेमोनाच्या घरात. सिरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपस इथे उत्खननात सापडलेले, बाप्तिस्म्याच्या कुंडासह मंडळीसाठी बदलून घेतलेले घर साधारण इ. स. २४० च्या सुमाराचे आहे, आणि तेही मुळात घरच. मंदिराची उपमा पेत्र आणि पौल दोघेही वापरतात, पण त्यातले दगड म्हणजे जिवंत माणसे (१ पेत्र २:५).

पहिल्या दिवसापासून चार गोष्टी

पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेन्टेकॉस्टच्या दिवशी, यरुशलेमेत पेत्राचे भाषण ऐकून सुमारे तीन हजार माणसांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर हे लोक काय करत राहिले, ते 'प्रेषितांची कृत्ये' लिहिणारा लूक एका वाक्यात सांगतो: प्रेषितांची शिकवण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना (प्रेषितांची कृत्ये २:४२). या चारांत शिकवण पहिली येते, आणि माझ्या मते तो क्रम सहज आलेला नाही.

कारण प्रेषितांकडे सांगण्यासारखी एक ठरावीक गोष्ट होती. पौल ती करिंथकरांना आठवण म्हणून पुन्हा लिहितो: शास्त्राप्रमाणे ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरले, आणि शास्त्राप्रमाणे तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला (१ करिंथ १५:३-४). हे आपल्याला जसे मिळाले तसेच मी तुम्हाला सांगितले, असेही तो म्हणतो. ही सुवार्ता त्याने बनवलेली नव्हती, त्याच्याकडे आलेली होती. इफिसकरांस पत्रात मंडळीचा पाया प्रेषित आणि संदेष्टे यांचा आहे आणि कोनशिला स्वतः ख्रिस्त येशू आहे (२:२०). इमारतीचा पाया एकदाच घालतात. म्हणून आज कोणी उठून 'मला नवे प्रकटीकरण झाले, आता तारणाचा मार्ग असा आहे' म्हणू लागला, तर तो पाया उकरतो आहे. मग त्याच्या सभेला कितीही गर्दी होवो.

सोप्या शब्दांत सुवार्ता अशी आहे. माणूस स्वतःच्या कर्तबगारीने देवाशी समेट करू शकत नाही. जे माणसाला जमत नव्हते ते देवाने ख्रिस्ताच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने केले. ते विश्वासाने, फुकट मिळते. चांगली कृत्ये त्यातून उगवतात, ती त्याची किंमत नसतात. गलतियातल्या शिक्षकांनी ख्रिस्ताला नाकारले नव्हते. त्यांनी फक्त त्याच्यापुढे एक 'आणि' जोडला होता: ख्रिस्त आणि सुंता. त्या एका जोडणीने सगळी सुवार्ता उलटी होते, कारण मग शेवटचा भरवसा ख्रिस्तावर उरत नाही, आपण जे जोडले त्यावर जातो. आज तो 'आणि' वेगळ्या रूपांत येतो. ख्रिस्त आणि आमच्या संस्थेचे सभासदत्व. ख्रिस्त आणि अमुक एवढे अर्पण. ख्रिस्त आणि आमच्या सेवकाची मध्यस्थी.

मग प्रत्येक मतभेद सुवार्तेचाच मतभेद असतो का? मुळीच नाही, आणि याचा पुरावा पौलच देतो. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात मांस खावे की फक्त भाजी, अमुक दिवस पाळावा की सगळे दिवस सारखे मानावेत, यावर भांडणाऱ्यांना तो सांगतो की ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, पण एकमेकांना दोषी ठरवू नये. दिवस पाळण्यावरून रोममध्ये हा माणूस इतका मवाळ आहे आणि गलतियात इतका आग आहे. गोष्ट तीच, फरक एवढाच की गलतियात ती तारणाची अट झाली होती. हा फरक ज्यांना कळत नाही ते दोन प्रकारे चुकतात. काही जण प्रत्येक चालीरीतीवरून मंडळी फोडतात. काही जण प्रेमाच्या नावाखाली सुवार्ताच विकून टाकतात.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन विधी ख्रिस्ताने स्वतः लावून दिले. पहिला मंडळीत येण्याचा, दुसरा मंडळीत राहण्याचा. बाप्तिस्मा लेकरांना द्यावा की स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यांनाच, भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्त कसा उपस्थित असतो, यावर प्रामाणिक विश्वासणाऱ्यांत खोल मतभेद आहेत आणि ते एका लेखात संपणारे नाहीत. पण प्रभुभोजनाबद्दल बायबल जिथे सर्वांत कडक बोलते ती जागा वेगळीच आहे. करिंथमध्ये श्रीमंत लोक आधीच खाऊन घेत आणि ज्यांच्याकडे काही नाही ते तसेच बसून राहत. पौल म्हणतो, तुम्ही एकत्र जमता तेव्हा जे खाता ते प्रभुभोजन नाहीच (१ करिंथ ११:२०). भाकर होती, प्याला होता, पण गरिबाला खाली मान घालायला लावणारे भोजन प्रभूचे राहिले नाही.

सहभागितेची कसोटी

याच जातीचा आणखी एक प्रसंग अंत्युखियात घडला, आणि तो वाचल्याशिवाय खऱ्या मंडळीचा विषय पुरा होत नाही. पेत्र तिथे यहूदीतर विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत असे. यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आल्यावर तो घाबरला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी, अगदी पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा, त्याच्यामागे गेले. पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला सुनावले. सुनावताना त्याने शिष्टाचाराचा मुद्दा काढला नाही. हे लोक सुवार्तेच्या सत्याप्रमाणे नीट चालत नाहीत, असे तो लिहितो (गलती २:१४).

यातून दोन गोष्टी निघतात. जन्मावरून, वंशावरून, पैशावरून पंगत वेगळी करणारी मंडळी व्यासपीठावरून कितीही शुद्ध सुवार्ता सांगत असली, तरी ताटावर बसून ती नाकारत असते. ख्रिस्ताने सर्वांना एकाच किमतीत विकत घेतले, हे जिथे जेवणाच्या टेबलावर दिसत नाही तिथे ते ऐकून कोणाला पटावे? याकोबही हेच सांगतो: सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि फाटक्या कपड्यांतल्याला पायाशी, हे पक्षपाताचे पाप आहे (याकोब २:१-९). दुसरी गोष्ट म्हणजे, पेत्रालाही सुधारता येत होते. ज्याच्या कबुलीपाशी येशूने मंडळीचे नाव प्रथम घेतले, तो प्रेषितही सुवार्तेच्या वर नव्हता.

येशूने शिष्यांची ओळख म्हणून जी खूण दिली तीही हीच. 'तुमची एकमेकांवर प्रीती असली म्हणजे त्यावरून सर्व ओळखतील की, तुम्ही माझे शिष्य आहात' (योहान १३:३५). ही प्रीती म्हणजे गोड बोलणे नव्हे. यरुशलेमेत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी ती दाबली नाही. सात माणसे निवडून त्या कामावर नेमली, आणि नावांवरून दिसते की ती सगळी ग्रीक नावांची होती (प्रेषितांची कृत्ये ६). ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच बाजूची माणसे कारभारावर आली. मंडळीत तक्रार उठणे हे खोटेपणाचे लक्षण नाही. तक्रारीचे काय होते, तिथे खरे कळते.

शिस्त हा शब्द आज अनेकांना नकोसा वाटतो, कारण तिचा गैरवापर खूप झाला आहे. करिंथमधल्या त्या माणसाला बाहेर काढा, असे पौलाने स्पष्ट सांगितले. पण दुसऱ्या पत्रात तो एका शिक्षा झालेल्या माणसाबद्दल लिहितो की आता पुरे झाले, त्याला क्षमा करा, सांत्वन द्या, नाहीतर तो अतिदुःखात बुडून जाईल (२ करिंथ २:६-८). तो हाच माणूस होता का, यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण शिस्तीचा हेतू मात्र स्वच्छ दिसतो. भाऊ परत मिळवायचा आहे. ज्या मंडळीत पापाला नावच उरत नाही ती एका टोकाला, आणि ज्या मंडळीत प्रश्न विचारणाऱ्यालाच शिस्तीच्या नावाने बाहेर काढतात ती दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडे मत्तयाचा १८ वा अध्याय मोडतो.

पुढाऱ्यांची परीक्षा

तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या पत्रांत अध्यक्ष, वडील आणि सेवक कसे असावेत याच्या याद्या आहेत. त्या वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. शिकवण्याचे कौशल्य सोडले तर जवळजवळ सगळ्या अटी स्वभावाच्या आहेत: निर्दोष, एका स्त्रीचा पती, नेमस्त, पाहुणचार करणारा, मारकुटा नसलेला, भांडखोर नसलेला, पैशाचा लोभ नसलेला. वक्तृत्व, दर्शने, चमत्कार, अनुयायांची संख्या यांचा मागमूसही नाही. पौल प्रत्येक नगरात वडील नेमायला सांगतो आणि तिथे अनेकवचन येते. एकट्या माणसाच्या हाती सगळी सूत्रे, हे चित्र नव्या करारातल्या मंडळ्यांत दिसत नाही.

जिथे दिसते तिथे ते दोष म्हणून दिसते. योहानाच्या तिसऱ्या, अगदी छोट्या पत्रात दियत्रफेस नावाचा एक माणूस येतो. त्याला सगळ्यांत पहिला होण्याची हौस आहे. तो प्रेषिताचे ऐकत नाही, आलेल्या बंधूंना घरात घेत नाही, आणि जे घेऊ पाहतात त्यांना मंडळीतून घालवून देतो. तो काय शिकवत होता याबद्दल पत्रात अक्षरही नाही. मंडळीवर मालकी गाजवणे एवढेच योहानाला पुरेसे वाटते. पेत्रही वडीलजनांना बजावतो की कळपावर धनीपणा करू नका, लोभाने काम करू नका (१ पेत्र ५:२-३). यहेज्केलाचा ३४ वा अध्याय तर मेंढरे कापून स्वतःच खाणाऱ्या मेंढपाळांवर देवाने भरलेला खटलाच आहे.

पैशाच्या बाबतीत पौलाने एक नमुना घालून दिला आहे, तो फारसा कोणी उद्धृत करत नाही. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी त्याने अनेक मंडळ्यांकडून मदत गोळा केली. ती नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेल्या माणसाला सोबत घेतले, म्हणजे एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणाला बोट दाखवता येऊ नये. प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही जे चांगले ते आम्ही पाहतो (२ करिंथ ८:१९-२१). प्रेषिताला हिशेब द्यायची गरज वाटली. ज्या सेवकाला ती वाटत नाही आणि हिशेब मागणाऱ्याला जो अविश्वासू ठरवतो, त्याच्यापासून सावध राहावे, असे मी उघड म्हणेन.

इतिहासात हाच प्रश्न

मंडळीने हा प्रश्न स्वतःला वारंवार विचारला. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडल्या जाणाऱ्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, मंडळीसाठी चार विशेषणे आहेत: एक, पवित्र, सार्वत्रिक आणि प्रेषितीय. त्याच शतकात उत्तर आफ्रिकेत दोनातवाद्यांचा वाद पेटला. इ. स. ३०३ पासूनच्या छळात काही धर्मगुरूंनी भीतीने शास्त्राची हस्तलिखिते अधिकाऱ्यांच्या हवाली केली होती. अशांनी दिलेला बाप्तिस्मा खरा कसा, असा दोनातवाद्यांचा सवाल होता. तिथलाच बिशप ऑगस्टीन याने उत्तर दिले की बाप्तिस्मा देणाऱ्याचा नसतो, ख्रिस्ताचा असतो. म्हणूनच सेवक नालायक निघाला तरी त्याच्या हातून ज्यांना ख्रिस्त भेटला त्यांची भेट खोटी ठरत नाही. नेत्याच्या पतनाने हादरलेल्या किती तरी विश्वासणाऱ्यांना आज हे उत्तर आधार देऊ शकते.

सोळाव्या शतकात प्रश्न पुन्हा उसळला. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीने, म्हणजे लूथरपंथीयांच्या विश्वासाच्या निवेदनाने, म्हटले, जिथे सुवार्ता शुद्धपणे शिकवली जाते आणि संस्कार योग्य रीतीने दिले जातात ती संतांची सभा म्हणजे मंडळी. कॅल्विनच्या परंपरेतल्या १५६१ च्या बेल्जिक कबुलीने तिसरी खूण जोडली, शिस्त. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र प्रेषितांपासून बिशपांमार्फत अखंड चालत आलेल्या परंपरेवर भर देतात. मंडळीशिवाय बायबल हवेत तरंगत नाही, हा त्यांचा मुद्दा वजनदार आहे. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटले की ख्रिस्ताची मंडळी कॅथलिक मंडळीत अस्तित्वात आहे, पण तिच्या चौकटीबाहेरही पवित्रतेचे आणि सत्याचे अनेक घटक आढळतात. मला स्वतःला बायबलचा कल परंपरेच्या साखळीपेक्षा शिकवणीच्या सातत्याकडे जास्त दिसतो. इफिसच्या वडिलांना पौलानेच नेमके सांगितले होते की तुमच्यामधूनच विपरीत शिकवणारे उठतील (प्रेषितांची कृत्ये २०:३०). पद प्रेषिताकडून मिळाले म्हणून शिकवण सुरक्षित राहते, असे त्याने गृहीत धरले नाही.

ज्या खुणा फसवतात

चमत्कार ही सर्वांत जास्त फसवणारी खूण. येशूच म्हणतो, त्या दिवशी पुष्कळ जण मला म्हणतील, प्रभू, आम्ही तुझ्या नावाने संदेश दिला, भुते काढली, अद्भुत कृत्ये केली. आणि मी म्हणेन, माझी तुमची कधीच ओळख नव्हती (मत्तय ७:२२-२३). जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात तर सांगितलेले चिन्ह खरे ठरले तरी अन्य देवांकडे नेणाऱ्याचे ऐकू नका, अशी आज्ञा आहे. देव बरे करतो, यावर माझा विश्वास आहे. पण बरे होणे म्हणजे शिकवणीवर मारलेला शिक्का नव्हे.

गर्दीचेही तेच. योहानाच्या ६ व्या अध्यायात येशूचे शब्द ऐकून त्याचे पुष्कळ शिष्य निघून गेले आणि त्याने त्यांच्यासाठी संदेश मवाळ केला नाही. 'तारण फक्त आमच्याच गटात' हा दावाही ओळखून असावा. योहान येशूकडे तक्रार घेऊन आला होता, की एक माणूस तुझ्या नावाने भुते काढत होता, तो आपल्यातला नाही म्हणून आम्ही त्याला मना केले. येशूने सांगितले, मना करू नका. जो आपल्याविरुद्ध नाही तो आपल्या बाजूचा आहे (मार्क ९:३८-४०).

बाहेरची कीर्ती आणि ख्रिस्ताचे मत यांत किती अंतर असू शकते, हे पाहायचे तर प्रकटीकरणाचे दुसरे आणि तिसरे अध्याय वाचावेत. आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना तिथे सात पत्रे आहेत. इफिसच्या मंडळीने खोटे प्रेषित पारखून काढले होते, शिकवण घट्ट धरली होती. तरी पहिली प्रीती सोडल्यामुळे, पश्चात्ताप केला नाहीस तर तुझी समई (समई हे मंडळीचेच प्रतीक) काढून टाकीन, अशी ताकीद तिला मिळते. थुवतीराचे नेमके उलटे: तिची प्रीती आणि सेवा वाढत होती, पण खोट्या शिकवणीला तिने घरात जागा दिली होती. सार्दीसचे नाव जिवंत म्हणून गाजत होते आणि ती मेलेली होती. लावदिकीया स्वतःला धनवान समजत होती आणि ख्रिस्त तिच्या दाराबाहेर उभा राहून ठोठावत होता. सातांपैकी फक्त दोघींना बोल लागत नाही: गरीब आणि छळ सोसणारी स्मुर्णा, आणि थोड्याच शक्तीची फिलदेल्फिया.

राहावे की सोडावे?

हा प्रश्न बहुतेकांना पुस्तकातून पडत नाही, दुखावलेल्या मनातून पडतो. करिंथमध्ये इतके सगळे चालले असताना पौल तिथल्या प्रामाणिक माणसांना 'बाहेर पडा आणि नवी शुद्ध मंडळी काढा' असे कुठेच सांगत नाही. तो चूक दाखवतो, शिकवतो, रडतो, पुन्हा भेटायला येतो. सार्दीसमध्येही आपली वस्त्रे न विटाळलेली थोडी माणसे होती, आणि ख्रिस्त त्यांना तिथेच राहिलेली म्हणून ओळखतो. कमकुवत उपासना, कंटाळवाणे संदेश, न पटणारी माणसे एवढ्यावरून मंडळी सोडणाऱ्याला नवा करार फारसा आधार देत नाही.

पण जिथे ख्रिस्त देहाने आला हेच नाकारले जाते (१ योहान ४:२-३), जिथे त्याच्या कृपेला किंमत लावली जाते, तिथे प्रेषित थांबायला सांगत नाहीत. ख्रिस्ताची शिकवण न आणणाऱ्याला घरातही घेऊ नका, असे योहानाचे दुसरे पत्र सांगते. आणि जिथे पुढारी कळपाला ओरबाडतात, दुर्बळांना इजा करतात आणि सुधारणेचा प्रत्येक दरवाजा बंद करतात, तिथून माणसांना, विशेषतः मुलांना आणि पीडितांना, बाहेर काढणे हे फूट पाडणे नाही. त्यांनी गुन्हा केला असेल तर शासनाकडे दाद मागणे हेही रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायाला धरूनच आहे.

या दोन्हींच्या मधल्या परिस्थितीत सापडलेल्याने बिरुयाच्या लोकांसारखे वागावे. त्यांनी वचन उत्सुकतेने स्वीकारले आणि पौल सांगतो ते तसेच आहे का, हे दररोज शास्त्रात शोधून पाहिले (प्रेषितांची कृत्ये १७:११). लूक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो. तुमच्या पाळकांनी पुढच्या संदेशात जे सांगितले, ते शास्त्र उघडून पडताळा, शंका असेल ती त्यांना शांतपणे विचारा, आणि उत्तर कोणत्या पद्धतीने येते तेही पाहा.